ताईच्या चपला

सत्यभामाताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिच्यासारखी माणसं देवाला आवडत असतील, नाही म्हणत नाही. पण त्यांच्यासोबत एका घरात राहून दाखव म्हणावं देवाला. चार दिवसांत हात टेकेल. पंखा कधी आपल्याकडे वळवणार नाही, गरम पोळी दुसऱ्याच्याच ताटात वाढणार, आणि आजारी पडली तर ते आम्हाला शेजारणीकडून कळणार. मी आवाज चढवला की म्हणणार, "मले काय होते?" हे तीन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

आम्ही ख्रिस्ती, मूळचे अमरावतीकडचे. आमच्या आईनं लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला. त्याआधी ती नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायची. देव बदलला, प्रार्थना बदलली, पण वाहाणा काढायची सवय काही तिला सोडवेना, म्हणून ती तिनं उचलून लेंतमध्ये आणून ठेवली. लेंत म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. त्यात कोणी मटण सोडतं, कोणी चहा. माझ्या मुलानं, विशालनं, एका वर्षी क्रिकेट सोडलं होतं, ते तीन दिवस टिकलं. आई चपला सोडायची, आणि आई गेल्यावर ताईनं तेच चालू ठेवलं. नऊ दिवसांचे चाळीस झाले आणि आश्विनातल्या गारव्याच्या जागी रायपूरचं ऊन आलं, एवढंच.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. ताईनं मला वाढवलं. तिला बघायला दोनदा लोक आले, पण धाकटी बहीण सोबत येईल ही तिची अट होती आणि दोन्ही वेळा बोलणी तिथंच मोडली. पुढं ती नर्स झाली, बिलासपूरच्या पलीकडच्या एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात तीस वर्षं राहिली. लग्नाचं नाव पुन्हा निघालं नाही. तिनं मला कधी एका शब्दानं ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

माझे यजमान वारले तेव्हा ती निवृत्त झालेलीच होती. दोन लुगडी आणि एक बायबल घेऊन ती रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या घरी आली. मी सरकारी कचेरीत कारकून, विशाल सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भांडारावर. घर तिनं हातात घेतलं, आणि घर कमी पडलं म्हणून चर्चही घेतलं. दर शनिवारी चर्चची फरशी तीच पुसायची. आमच्या चर्चात चपला बाहेर काढून आत जातात, त्यामुळे फरशी अशी लख्ख लागते की तिच्यावर जेवावं.

ही गोष्ट घडली तेव्हा छत्तीसगढ होऊन अडीच वर्षं झाली होती आणि रायपूर राजधानी व्हायच्या घाईत होतं. जिकडे बघावं तिकडे रस्ते खोदलेले, गिट्टीचे ढीग, तारांचे तुकडे, वर ताजं डांबर. आणि या सगळ्यातून ताई अनवाणी, रोज भर दुपारी, हातात डबा घेऊन. तो डबा गोदूचा. गोदू ताईच्या दवाखान्यातली जुनी रोगी. रोग कधीच बरा झालेला, पण एक पाय घोट्यापासून गेलेला. पाच वर्षांपासून ती कालव्यापलीकडच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, भाचीकडे राहत होती. लेंतमध्ये ताई स्वतः दुपारी जेवत नसे आणि आपलं जेवण तिला नेऊन देत असे.

त्यात ताईला बारा वर्षांपासून शुगर.

"निदान हे उन्हाचे दोन महिने तरी चप्पल घाल वो," मी म्हणायची. "तुह्या चपलेनं येशूचं काय अडून राहिलं?"

"तू काहून चिडून राहिली? मले काय होते?"

झालं. मी ताट आपटून कचेरीत निघून जायची.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी नवीन काढलं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून दरवर्षी पाळक बारा जणांचे पाय धुतात. या वेळी ते म्हणाले, घरच्यांनीच घरच्यांचे धुवा, परात आणि पंचा घरून आणा. मी कणकेची परात घेऊन गेले. चर्चात सगळीकडे पाण्याचा आवाज, लाजत हसणं, आणि मधेच एखाद्या नवऱ्याचं ओशाळलेलं तोंड. ताईनं विशालचे पाय धुतले, माझे धुतले, शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याचेही धुतले. चेहरा तर असा खुलला होता, जणू ती दवाखान्यातच उभी आहे.

मग मी परात तिच्यापुढं सरकवली. तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"माहे राहू दे. घाण आहेत."

"चाळीस दिवस अनवाणी हिंडून घाण नाही तर काय होतील? ठेव पाय."

"वना, नको. मले बरं नाही वाटत."

"आणि मले बरं वाटते का, जन्मभर तुह्याकडून करून घ्यायले?" मी दात आवळून म्हणाले. वर भजन चाललं होतं आणि खाली मी बहिणीला रागावत होते. तिनं मुकाट्यानं उजवा पाय परातीत ठेवला.

तळव्यावर हात फिरवला तेव्हा माझं बोट एका खड्ड्यात गेलं. आधी वाटलं डांबर चिकटलंय. मग पाणी लाल व्हायला लागलं. मी पाय उचलून बघितला. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढी जखम, आणि तिच्यात तारेचा एक गंजका तुकडा. ताई वर भजनाकडे बघत, ओठ हलवत गात होती.

"ताई," मी म्हणाले, "तुले दुखत नाही?"

"काय?"

मग तिनं वाकून पाहिलं. तीस वर्षं ती हेच पाहत आली होती: बधिर पाय, न कळलेली जखम. रोज सकाळी शंभर तळवे हातात घेऊन ती जखमा शोधायची, रोग्यांना ओरडायची की रोज संध्याकाळी पाय बघत जा, आरसा धरून बघा. तिचं गाणं थांबलं. "हे माह्या पायाले नाही होऊ शकत," ती लहान मुलीसारखं म्हणाली.

समता कॉलनीतच डॉक्टर सुनीतीचा दवाखाना आहे. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या मराठी घरातली पोरगी, बोलायला गोड, हाताला पक्की. तार काढून, जखम साफ करून झाल्यावर तिनं एक नायलॉनचा जाड दोरा घेतला.

"डोळे मिटा मावशी. कुठं टोचलं ते सांगत जा."

ताई हसली. ही तपासणी तिनं हजारदा केली होती, ती दुसऱ्या बाजूनं. डोळे मिटून बसली. डॉक्टरनं एका पायावर दहा जागी दोरा लावला. ताई तीनदा "हव" म्हणाली. बाकी सात वेळा ती वाट बघत राहिली. शुगरनं पाय बधिर करून टाकला होता.

अंगठा वाचला नाही. बाकी पाय वाचला, दोन महिन्यांच्या पट्ट्यांनंतर. शेवटच्या दिवशी डॉक्टरनं बजावलं, "आता एकही पाऊल अनवाणी नाही. घरात नाही, न्हाणीत नाही, देवळात-चर्चात कुठंच नाही. पुन्हा जखम झाली तर पाय ठेवता येणार नाही. आणि कुठल्या चपला लागतील ते तुम्हालाच माहीत आहे, मी काय सांगू?"

ताईला माहीत होतं. काळ्या रबराचा मऊ जाड तळ, टाचेमागून पट्टा. तिच्या दवाखान्यातला मोची त्या प्रत्येक रोग्याच्या पायावर मापून बनवायचा. तिकडं सगळा मुलूख त्यांना 'मिशनची चप्पल' म्हणतो. ती पायात दिसली की बसमध्ये शेजारचा माणूस उठून लांब जाऊन उभा राहतो. विशाल रविवारी गाडीनं जाऊन घेऊन आला. मोच्यानं ताईचं नाव ऐकून हातातलं काम बाजूला ठेवलं होतं म्हणे.

"मावशी, पहन के तो देखो," विशाल म्हणाला.

ताईनं त्या हातात घेतल्या, टाके बघितले, "चांगलं काम आहे," म्हणाली आणि खाटेखाली सारून दिल्या. घरात ती गोल बाजारातून आणलेल्या साध्या सपाता घालायला लागली. बाहेर पडणं बंद. रविवारी चर्चची वेळ झाली की हिचं डोकं दुखायचं. एक रविवार, दोन, पाच. भाकर आणि प्याला वाटतात तो प्रभुभोजनाचा रविवारही गेला. पाऊस सुरू झाला, रस्त्यांचे खड्डे पाण्यानं भरले, तरी ही घरातच. जी बाई ताप अंगावर घेऊन उपासनेला जायची, ती खिडकीत बसून लोकांना जाताना बघायची. मग एके दिवशी तिनं घरातही सपाता काढल्या आणि मी तिला न्हाणीत अनवाणी पाहिलं. त्या दिवशी माझा तोल गेला.

"पाय घालवाचा आहे का तुले? सांगून टाक एकदा! माह्यासाठी जन्म काढला, आता पाय पण काढून दे!"

"कशी घालू वना?" ती म्हणाली. "चर्चात मी चप्पल घालून जाऊ? मी? ती फरशी मी पुसत होती. आणि ते पण ह्या चपला? लोक म्हणतील, सिस्टरले महारोग झाला."

"म्हणू दे! तीस वर्षं दुसऱ्यांले घालायले लावल्या, तवा नाही वाटली लाज?"

बोलले आणि जीभ चावली. ताई न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसली. ओल्या लुगड्यानं तिनं तोंड पुसलं, पण ते पुन्हा पुन्हा भिजत होतं. आईच्या मयतीतही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा तिनं मला कडेवर घेतलं होतं.

"तू बरोबर बोलली," ती म्हणाली. "मी त्यांचे पाय धुतले, पू पुसला, उष्टं खाल्लं. मले वाटे मी सगळं सोडलं. पण वना, मी त्यांच्यातली एक आहे असं मले एक दिवस पण नाही वाटलं. मी धुणारी होती, ते धुवून घेणारे. एवढं मात्र मी जपून ठेवलं."

माझा राग कुठं गेला कोण जाणे. मी तिच्याजवळ त्या ओल्या उंबऱ्यावर बसले. तिचा पाय मांडीवर घेतला आणि पदरानं कोरडा केला. बोटांच्या मधून, तिनंच मला लहानपणी पुसायला शिकवलं होतं तसा. मला ती फार आवडते. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही, फक्त पुसत राहिले. आणि या वेळी तिनं पाय ओढून घेतला नाही.

पण चपला खाटेखालीच राहिल्या. सोडायची सवय तिला चांगली होती, घ्यायची नव्हती.

लेंत संपला तरी ताईनं गोदूचा डबा बंद केला नव्हता, तो आता विशाल कामावर जाताना देऊन येत असे. गोदू रोज विचारायची, दीदी कहाँ हे? विशाल सांगायचा, पैर ठीक नहीं है. एका शनिवारी दुपारी दारासमोर सायकलरिक्षा थांबली. त्यातून आधी एक कुबडी बाहेर आली, मग गोदू. एका पायाला लाकडी जोड, दुसऱ्यात मिशनची चप्पल. जिना चढायला तिला दहा मिनिटं लागली. वर आल्यावर तिनं ताईकडं बघितलं नाही, तिच्या पायांकडं बघितलं.

"चप्पल कहाँ हे दीदी?"

ताईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

गोदूचा पाय कसा गेला ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. भाचीच्या लग्नात लोकांसमोर मिशनची चप्पल नको म्हणून तिनं ती काढून ठेवली आणि दोन दिवस अनवाणी नाचली. दवाखान्यात परत आली तेव्हा उशीर झाला होता. ताईनं तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या रोग्याला गोदूचं उदाहरण देऊन एकच वाक्य सांगायची.

तेच वाक्य आता गोदूनं ताईला सांगितलं, ताईच्याच आवाजात, कमरेवर हात ठेवून: "लाज ला छोड़, पाँव ला बचा."

क्षणभर मला वाटलं ताई पुन्हा रडणार. ती हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि गोदूही आपल्या उरलेल्या चार दातांनी हसायला लागली. मग गोदू खाली बसली, वाकडी बोटं खाटेखाली घातली, चपला ओढून काढल्या आणि ताईच्या पायात एकेक चढवून पट्टे लावले. बोटांत जोर नव्हता म्हणून वेळ लागला. मी मदत करायला पुढं झाले तर ताईनं मानेनंच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, प्रभुभोजनाचा. ताईनं पांढरं लुगडं नेसलं. रस्त्यात दोघीतिघींनी तिच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं, मग दुसरीकडंच. ताईनं माझा दंड धरला होता आणि तिची बोटं रुतत होती.

चर्चच्या पायऱ्या चढून आम्ही दाराशी आलो. दाराबाहेर चपलांची रांग, आत पुसलेली फरशी. आदल्या दिवशी मीच पुसली होती, ताईइतकी नाही जमली. ताई उंबऱ्यापाशी थांबली. तिचा हात सवयीनं पट्ट्याकडं गेला. मग तिनं तो मागं घेतला.

"मी इथंच बसतो," ती म्हणाली आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. तिथं गोदू बसली होती. गोदू दर रविवारी तिथंच बसते. प्रभुभोजन असलं की पाळकसाहेब शेवटी भाकर आणि प्याला बाहेर आणून तिला देतात. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तिला बाहेरची हवा बरी वाटते.

ताईनं तिच्या पायाकडं बघितलं, मग आपल्या. दोघींच्या चपला एकाच मोच्याच्या.

"गोदू," तिनं विचारलं, "तैं भीतर काबर नइ जास?" तू आत का जात नाहीस?

गोदूला प्रश्नाचंच नवल वाटलं. "चप्पल उतारे नइ सकंव दीदी. भीतर तो सब बिन चप्पल के जाथें." तिला चप्पल काढता येत नाही, आणि आत सगळे बिनचपलेचे.

"पाँच बरस?"

"हव, पाँच बरस."

ताईचा चेहरा मी बघितला. पाच वर्षं ती याच बाकावरून गोदूच्या डोक्यावर हात ठेवून, अनवाणी, आत जात आली होती. लेंतमध्ये तिला डबा देत होती. आत प्रभुभोजनाचं भजन सुरू झालं. ताई उठली. मला वाटलं घरी चल म्हणेल.

"चल," ती गोदूला म्हणाली आणि तिच्या काखेत हात घातला.

"दीदी, फरशी खराब हो जाही."

"मोर बहिनी पोंछ लेही," ताई म्हणाली. माझी बहीण पुसेल! मला एवढ्यातही तिचा थोडा राग आलाच.

त्या दोघी आत गेल्या. कुबडी टक्, चप्पल फस्, कुबडी टक्, चप्पल फस्. भजन म्हणणारे एकेक करून गप्प होत गेले. कोणी जागचं सरकलं नाही. ताईच्या मानेवर घाम दिसत होता. बाकांच्या मधून त्या सरळ पुढं गेल्या, थेट वेदीच्या पायरीपर्यंत. पाळकसाहेबांनी आधी त्यांच्या पायांकडं पाहिलं. मग ते खाली उतरून आले आणि त्यांनी पहिली भाकर गोदूला दिली, दुसरी ताईला.

मी दारातच उभी होते. बाहेर पावसाचा चिखल होता, त्यामुळे दारापासून वेदीपर्यंत त्या रबरी तळव्यांचे ठसे उमटले होते, एक ओळ गोदूची आणि तिच्या शेजारी ताईची. पुढच्या शनिवारी मी फरशी पुसायला गेले. ते वाळून पक्के बसले होते. मी बादली भरून आणली, सगळं चर्च पुसलं, बाकांखालून पुसलं, वेदीची पायरी पुसली. तेवढे ठसे मात्र ठेवले आणि घरी आले.